फोर-व्हील-ड्राइव्ह वाहनांचे चोरीपासून संरक्षण

चारही चाकांना इंजिनाची शक्ती पोहोचवू शकणाऱ्या वाहनांची, म्हणजेच फोर-व्हील-ड्राइव्ह वाहनांची चोरी रोखणे, तिला विलंब लावणे आणि चोरीस गेलेले वाहन शोधून काढणे यांसाठी योजल्या जाणाऱ्या यांत्रिक, विद्युत आणि प्रशासकीय उपायांचा या विषयात समावेश होतो. मराठीत ‘चारचाकी’ हा शब्द कोणत्याही मोटारीला लावला जातो. फोर-व्हील-ड्राइव्ह वाहनांना बोलचालीत ‘फोर बाय फोर’ किंवा सरसकट ‘जीप’ म्हणतात. या वाहनांना सर्वसाधारण मोटारींचे सर्व उपाय लागू पडतात. परंतु त्यांची रचना, वापराची ठिकाणे आणि सुट्या भागांना असलेली मागणी यांमुळे काही प्रश्न त्यांच्यापुरतेच उभे राहतात. हे प्रश्न ब्रिटनमधील लँड रोव्हर डिफेंडर या गाडीच्या बाबतीत सर्वांत स्पष्ट दिसतात. त्यामुळे या लेखात तिचाच आधार प्रामुख्याने घेतला आहे.

चोरीची कारणे

फोर-व्हील-ड्राइव्ह वाहन चोरणाऱ्याचा हेतू बहुधा तीनपैकी एक असतो: वाहन आहे तसे दूरच्या बाजारात विकणे, त्याची ओळख बदलून जवळच्याच बाजारात विकणे, किंवा ते सुटे करून त्याचे भाग विकणे. मौजेखातर गाडी पळवून ती कोठेतरी सोडून देण्याचा प्रकार या गटात तुलनेने गौण आहे.

पहिल्या हेतूमागे रस्त्यांची स्थिती हे कारण आहे. जेथे पक्के रस्ते कमी आणि वर्कशॉप दुर्मीळ, तेथे टोयोटा लँड क्रूझर, टोयोटा हायलक्स किंवा जुनी लँड रोव्हर यांना वर्षानुवर्षे चांगली किंमत येते. अशी वाहने मूळ मालकाच्या देशातून कंटेनरमध्ये घालून किंवा सीमेपलीकडे चालवत नेली जातात. सशस्त्र संघर्षाच्या प्रदेशात हीच वाहने लढाईचे साधन ठरतात. चाड आणि लिबिया यांच्यातील १९८७ मधील लढाईला ‘टोयोटा युद्ध’ हे नाव पडले, ते तेथे वापरल्या गेलेल्या टोयोटा पिकअप गाड्यांमुळे. सुदानमधील दारफूरमध्ये मदतसंस्थांची अशी वाहने मोठ्या प्रमाणावर बंदुकीच्या धाकाने पळवली गेली.

सुट्या भागांसाठी होणारी चोरी अधिक शांतपणे चालते. ज्या गाडीचे उत्पादन बंद झाले आहे, परंतु जी अजून हजारोंच्या संख्येने रस्त्यावर आहे, तिचे दरवाजे, बोनेट, गिअरबॉक्स आणि आसने यांना कायम गिऱ्हाईक असते. डिफेंडरचे उत्पादन इंग्लंडमधील सोलिहल येथे २९ जानेवारी २०१६ रोजी थांबले. जुन्या गाड्यांची किंमत घटण्याऐवजी वाढू लागली. त्यातच अमेरिकेत २५ वर्षांहून जुन्या वाहनांच्या आयातीला नियमांतून सूट असल्याने परदेशी मागणीचीही भर पडली. ब्रिटनमधील शेतकऱ्यांमध्ये मोठा व्यवसाय असलेली एनएफयू म्युच्युअल ही विमा कंपनी ग्रामीण गुन्हेगारीवर दरवर्षी अहवाल प्रसिद्ध करते. त्यात ट्रॅक्टर आणि क्वाड बाइक यांच्या बरोबरीने डिफेंडरच्या चोरीचा उल्लेख वारंवार येतो.

वाहन कोठे उभे असते, यालाही महत्त्व आहे. शेतावरची गाडी रात्री गोठ्याशेजारी उघड्यावर असते, शेजार दूर असतो आणि दिवसभर चढउतार करायची म्हणून किल्ली गाडीतच ठेवण्याची सवय असते. डोंगरात फिरायला जाणारे लोक गाडी पायथ्याशी सोडून कित्येक तास दूर जातात. अशा ठिकाणी केवळ आवाज करणारा अलार्म निरुपयोगी ठरतो, कारण तो ऐकायला जवळपास कोणीच नसते.

डिफेंडरची रचना आणि तिच्यातील उणिवा

लँड रोव्हरचे पहिले मॉडेल एप्रिल १९४८ मध्ये ॲमस्टरडॅमच्या मोटार प्रदर्शनात सादर झाले. युद्धोत्तर काळातील पोलादाच्या टंचाईमुळे तिची बॉडी ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूची करण्यात आली आणि ती पोलादी चॅसीवर बोल्टने जोडण्यात आली. शेतकऱ्याने साध्या पान्यांनी गाडी उघडावी, खराब झालेला भाग काढावा आणि नवा बसवावा, अशी ही रचना होती. १९८३ मध्ये आलेली वन-टेन आणि १९९० पासून डिफेंडर या नावाने विकली गेलेली तिची पुढील रूपे यांनी हीच पद्धत जवळजवळ जशीच्या तशी राखली.

गाडीची ख्याती ज्या गुणांवर उभी होती, तेच गुण चोराच्याही उपयोगी पडले. दरवाजांच्या बिजागऱ्यांचे बोल्ट बाहेरून दिसतात आणि बाहेरूनच सुटतात; कुलूप लावलेला दरवाजाही बिजागरीच्या बाजूने काढून नेता येतो. बोनेट उघडून बिजागरीतून बाजूला सरकवले की मोकळे होते. त्यामुळे सबंध गाडी न नेता रात्रीत केवळ दरवाजे आणि बोनेट काढून नेण्याचे प्रकार ब्रिटनमध्ये सर्रास घडले. सकाळी मालकाला दारात गाडी दिसते, पण तिला दरवाजेच नसतात, हे दृश्य डिफेंडरच्या बाबतीत मुळीच अपवादात्मक राहिले नाही.

इंजिनाचीही तीच कथा आहे. १९९० च्या दशकातील २००-टीडीआय आणि ३००-टीडीआय ही डिझेल इंजिने यांत्रिक इंधनपंपावर चालतात. त्यांना चालू राहण्यासाठी संगणकाची गरज नाही. पंपावरील इंधन रोखणाऱ्या एका झडपेला वीज मिळाली की पुरते. वाळवंटात किंवा जंगलात बंद पडलेली गाडी अगदी साध्या साधनांनी पुन्हा सुरू करता येणे ही या इंजिनांची थोरवी मानली जाते. अर्थात जे प्रवाशाला शक्य ते चोरालाही शक्य. १९९८ मध्ये आलेल्या टीडी-५ इंजिनात इंधनपुरवठा इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाखाली आला आणि त्याबरोबर इमोबिलायझर इंजिनाच्या नियंत्रणाशी जोडला गेला. तरीही दरवाजे, बोनेट आणि चॅसी पूर्वीसारखीच राहिली.

तिसरी अडचण ओळखीची आहे. डिफेंडरची बॉडी गंजत नाही, पण पोलादी चॅसी गंजते. म्हणून जस्ताचा मुलामा दिलेली नवी चॅसी घालून जुनी गाडी तिच्यावर पुन्हा उभी करणे हा ब्रिटनमधील गॅरेजांचा प्रतिष्ठित आणि पूर्णपणे कायदेशीर व्यवसाय आहे. परंतु याच वाटेने चोरीच्या गाडीचे इंजिन, गिअरबॉक्स आणि बॉडी एखाद्या भंगारात गेलेल्या गाडीच्या कागदपत्रांखाली नव्याने जन्म घेऊ शकतात. प्रामाणिक पुनर्बांधणी आणि बनावट ओळख यांतला फरक बाहेरून पाहणाऱ्याला, कधीकधी पोलिसांनाही, सहज कळत नाही. एकसंध बॉडीच्या मोटारीबाबत हा प्रश्न इतका तीव्र नसतो.

सप्टेंबर २०१९ मध्ये सादर झालेली आणि स्लोव्हाकियातील नित्रा येथे तयार होणारी नवी डिफेंडर नाव वगळता वेगळीच गाडी आहे. तिला स्वतंत्र चॅसी नाही आणि तिच्या संरक्षणाचे प्रश्न बव्हंशी इलेक्ट्रॉनिक आहेत.

यांत्रिक उपाय

जुन्या फोर-व्हील-ड्राइव्ह वाहनांसाठी यांत्रिक अडथळे आजही सर्वाधिक भरवशाचे मानले जातात. कोणतेही कुलूप अभेद्य नसते. तोडायला किती वेळ लागतो, किती आवाज होतो आणि कोणती अवजारे बाळगावी लागतात, यावर त्याची किंमत ठरते. ब्रिटनमध्ये विमा कंपन्यांच्या पुढाकाराने १९६९ मध्ये स्थापन झालेली थॅचम ही संशोधन संस्था अशा साधनांची चाचणी घेऊन त्यांचे वर्गीकरण करते. कुलपावर ‘थॅचम-मान्य’ असा शिक्का असेल तर विमा कंपन्या त्याची दखल घेतात.

स्टिअरिंगला लावायचा दांडा सर्वपरिचित आहे. मात्र स्टिअरिंगची कडा कापली की असा दांडा निघून येतो. संपूर्ण स्टिअरिंग झाकणारे थाळीच्या आकाराचे कुलूप या दृष्टीने वरचढ ठरते. डिफेंडरधारकांमध्ये त्याहून लोकप्रिय झालेले साधन म्हणजे क्लच आणि ब्रेक या दोन्ही पेडलांना वेढणारी पोलादी पेटी. पेडल दाबताच आले नाही तर गाडी चालवता येत नाही. शिवाय पायाजवळच्या अरुंद जागेत कापण्याचे यंत्र चालवणे फार अवघड असते. ही पेटी दररोज काढ-घाल करायला मात्र कंटाळवाणी आहे. घरी पडून राहिलेल्या महागड्या कुलपापेक्षा रोज लावले जाणारे साधे कुलूप केव्हाही अधिक उपयोगी, हा व्यवहार येथेही लागू पडतो.

दरवाजांच्या बिजागऱ्यांसाठी विशिष्ट पान्याशिवाय न फिरणारे किंवा घट्ट बसल्यावर डोके तुटून पडणारे बोल्ट वापरले जातात. बोनेटला स्वतंत्र कुलूप बसवल्याने बॅटरी आणि भोंग्यापर्यंत पोहोचणे लांबते. मागील दरवाजावर उघडी टांगलेली स्टेपनी हे या वाहनांचे वैशिष्ट्य. तिच्यासाठी आणि उरलेल्या चार चाकांसाठी कुलूपबंद नट मिळतात. जमिनीपासूनची उंची जास्त असल्याने जॅक न लावताही खाली शिरता येते. त्यामुळे मौल्यवान धातू असलेला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर कापून नेणे सोपे जाते. त्यावर पोलादी पत्र्याचे किंवा जाळीचे आवरण हा उपाय केला जातो.

ट्रान्सफर केसचा उपयोग

फोर-व्हील-ड्राइव्ह वाहनात गिअरबॉक्सच्या पुढे ट्रान्सफर केस नावाची दुसरी पेटी असते. ती शक्ती पुढच्या आणि मागच्या आसांना वाटून देते. डिफेंडरमध्ये, तसेच भारतातील महिंद्रा थारच्या फोर-व्हील-ड्राइव्ह प्रकारात, तिच्यासाठी गिअरच्या शेजारी वेगळा दांडा असतो आणि त्यावर न्यूट्रलची जागा असते. दांडा तेथे ठेवला तर इंजिन सुरू होते, मुख्य गिअरही पडतो, पण चाके फिरत नाहीत. फोर-व्हील-ड्राइव्हची माहिती नसलेला चोर यामुळे गोंधळतो. परंतु जो ठरवून डिफेंडर चोरायला येतो, त्याला हा दांडा अर्थातच ठाऊक असतो. म्हणून दांडा न्यूट्रलमध्ये ठेवून त्यावर पोलादी आवरणाचे कुलूप लावले, तरच या युक्तीला खरा अर्थ येतो.

येथे एक धोका लक्षात घेणे आवश्यक आहे. ट्रान्सफर केस न्यूट्रलमध्ये असताना गिअरबॉक्स आणि चाके यांचा संबंध तुटलेला असतो. त्यामुळे गिअरमध्ये किंवा स्वयंचलित गाडीत पार्किंगच्या खुणेवर ठेवलेली गाडीही उतारावर घरंगळू शकते. डिफेंडरचा हँडब्रेक ट्रान्सफर केसच्या मागील बाजूस, चाकांकडे जाणाऱ्या शाफ्टवर काम करतो, म्हणून तो या स्थितीतही गाडी धरून ठेवतो. तरी सर्वच गाड्यांत ही पद्धत नांदते उतारावर वापरण्याजोगी नाही, आणि हँडब्रेक सुस्थितीत नसेल तर सपाट जागेवरही नाही.

एरवी गिअर घातलेली आणि हँडब्रेक लावलेली फोर-व्हील-ड्राइव्ह गाडी दोन चाके उचलून ओढत नेणे साध्या मोटारीपेक्षा कठीण असते. सपाट पाठीच्या ट्रकवर विंचने चढवून नेणाऱ्यापुढे मात्र हा फायदा उरत नाही.

विद्युत खंडक आणि इमोबिलायझर

ऑफ-रोड वाहनांमध्ये अपघातप्रसंगी वीज तोडण्यासाठी बॅटरीचा खंडक पूर्वापार बसवला जातो. त्याची किल्ली काढून नेली की गाडी निर्जीव होते. इंधनपंप किंवा स्टार्टर यांच्या वायरमध्ये गुप्त स्विच बसवणे हा याचाच स्वस्त प्रकार होय. त्याची परिणामकारकता सर्वस्वी जागेवर अवलंबून असते. डॅशबोर्डखाली हाताला सहज लागणारा स्विच अनुभवी चोर प्रथम शोधतो. खंडकाने अलार्म आणि मागोवा घेणारे साधनही बंद पडत असल्यास त्यांना स्वतःची बॅटरी असावी लागते.

इलेक्ट्रॉनिक इमोबिलायझर हा वाहनसुरक्षेतील सर्वांत मोठा टप्पा होता. किल्लीच्या डोक्यात बॅटरीविना चालणारी चिप असते. किल्ली फिरवताच गाडी तिला एक आकडा पाठवते, चिप त्यावर गुप्त सूत्राने क्रिया करून उत्तर देते आणि उत्तर बरोबर असेल तरच इंजिनाचे नियंत्रण इंधन सोडते. युरोपीय संघाने १९९५ च्या निर्देशाद्वारे ऑक्टोबर १९९८ पासून नव्या प्रवासी मोटारींना इमोबिलायझर सक्तीचा केला. ऑस्ट्रेलियाने २००१ मध्ये आणि कॅनडाने २००७ मध्ये तसाच नियम लागू केला. त्यानंतर अनेक देशांत मोटारचोरी वेगाने घटली. नेदरलँड्समधील आकडेवारीचा अभ्यास करणारे अर्थशास्त्रज्ञ यान फान ऊर्स आणि बेन फोलार्ड यांनी हा परिणाम लक्षणीय असल्याचे दाखवले. चोरांचा मोर्चा इमोबिलायझर नसलेल्या जुन्या गाड्यांकडे वळण्याचा परिणामही त्यांनी हिशेबात धरला होता. जुन्या डिफेंडरच्या मालकांच्या दृष्टीने हा शेवटचा मुद्दा महत्त्वाचा आहे: रस्त्यावरच्या इतर गाड्या सुरक्षित होत गेल्या, तशी त्यांची गाडी तुलनेने अधिक असुरक्षित झाली.

चिपमधील सूत्रेही अभेद्य राहिली नाहीत. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठ आणि आरएसए या संस्थेच्या संशोधकांनी २००५ मध्ये एक प्रचलित प्रणाली भेदून दाखवली. ‘मेगामॉस क्रिप्टो’ या दुसऱ्या प्रणालीतील दोष सांगणारा शोधनिबंध २०१३ मध्ये इंग्लंडच्या न्यायालयाच्या मनाईहुकुमामुळे अडला आणि २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला.

बिनकिल्लीच्या प्रणालींवरील हल्ले

किल्ली खिशातच ठेवून दरवाजा उघडणे आणि बटण दाबून इंजिन सुरू करणे ही सोय महागड्या फोर-व्हील-ड्राइव्ह वाहनांत लवकर आली. तिच्यातील दोष तत्त्वाचाच आहे. किल्लीचा संदेश ऐकू आला म्हणजे किल्ली जवळच आहे, असे गाडी गृहीत धरते. घरातील किल्लीचा संदेश दोन उपकरणांच्या साखळीने गाडीपर्यंत पोहोचवला, तर गाडी फसते. यात कोणतेही गुप्त सूत्र फोडावे लागत नाही. झुरिकच्या ईटीएच संस्थेतील ओरेलियाँ फ्रँसियाँ, बोरिस दानेव आणि स्रजान चापकुन यांनी २०११ मध्ये आठ कंपन्यांच्या दहा मॉडेलांवर हा ‘रिले हल्ला’ यशस्वी करून दाखवला. पुढील दशकात तो रस्त्यावरच्या चोरांची नित्याची पद्धत बनला.

किल्ली रेडिओलहरी अडवणाऱ्या धातूच्या अस्तराच्या पाकिटात ठेवणे हा यावरचा सर्वांत स्वस्त उपाय आहे. पाकीट झिजते, म्हणून किल्ली आत असताना गाडी उघडते का, हे अधूनमधून तपासावे लागते. दुसरी किल्लीही पाकिटातच हवी. ती बहुधा विसरली जाते. काही कंपन्यांनी हालचाल थांबल्यावर झोपी जाणाऱ्या किल्ल्या काढल्या. मुळावरचा इलाज अल्ट्रा-वाइडबँड तंत्रज्ञानाचा आहे. त्यात संदेशाला लागलेल्या वेळावरून किल्लीचे खरे अंतर मोजले जाते. जग्वार लँड रोव्हरने २०१८ पासून आपल्या काही मॉडेलांत ते वापरायला सुरुवात केली. तत्पूर्वीच्या रेंज रोव्हर गाड्यांचा विमा लंडनसारख्या शहरांत अतिशय महाग झाला. या कंपनीने २०२३ मध्ये जुन्या गाड्यांची सुरक्षाप्रणाली अद्ययावत करण्यासाठी एक कोटी पौंडांहून अधिक रक्कम खर्च करत असल्याचे जाहीर केले.

यानंतर आलेल्या ‘कॅन इंजेक्शन’ या पद्धतीत किल्लीची गरजच संपली. आधुनिक गाडीतील दिवे, दरवाजे, इंजिन यांचे संगणक कॅन बस नावाच्या सामाईक वायरजोडीवर बोलतात आणि एकमेकांवर विश्वास ठेवतात. २०२२ मध्ये लंडनमधील एका वाहनसुरक्षा तज्ज्ञाचीच टोयोटा आरएव्ही-४ चोरीस गेली. त्याआधी काही दिवस तिचा बंपर आणि पुढच्या दिव्याजवळची वायर कोणीतरी ओढून काढलेली होती. केन टिंडेल यांनी एप्रिल २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या विश्लेषणानुसार चोर दिव्याच्या वायरमधून या जोडीत शिरतात आणि ‘किल्ली वैध आहे’ असा खोटा संदेश सोडतात. त्यासाठीचे उपकरण साध्या ब्लूटूथ स्पीकरच्या खोक्यात दडवलेले होते. जपानमध्ये लँड क्रूझर आणि लेक्सस गाड्यांच्या चोरीतही हीच पद्धत आढळली. गाडीतील संगणकांनी परस्परांचे संदेश सांकेतिक स्वरूपात तपासणे हा खरा उपाय निर्मात्यांच्याच हाती आहे. मालकाच्या हाती उरतात ते पेडलपेटी, स्टिअरिंगचे कुलूप आणि वेगळ्या वायरवरील खंडक, म्हणजे पुन्हा जुनेच उपाय. बंपर किंवा दिव्याजवळ विनाकारण झालेली मोडतोड दिसल्यास ती गंभीरपणे घ्यावी, हेही या प्रकरणातून दिसले.

मागोवा आणि ओळखखुणा

उपग्रहाधारित स्थाननिश्चिती आणि मोबाईल जाळे यांवर चालणारी मागोवा साधने आता स्वस्त आहेत. त्यांना दोन मर्यादा आहेत: बंद कंटेनरमध्ये किंवा तळघरात उपग्रहाचा संदेश पोहोचत नाही, आणि जॅमर वापरून तो बुजवता येतो. व्हीएचएफ लहरींवर चालणारी साधने जवळून शोध घेताना अशा जागीही उपयोगी पडतात. चोरलेली गाडी काही दिवस एखाद्या गल्लीत उभी करून तिचा शोध घ्यायला कोणी येते का, हे पाहण्याची चोरांची पद्धत आहे. त्यामुळे पहिल्या काही तासांतली हालचाल निर्णायक ठरते. स्थान कळले तरी मालकाने स्वतः तेथे जाणे धोक्याचे असते. ते काम पोलिसांचे आहे.

ओळखखुणांचा उपयोग चोरी रोखण्यापेक्षा चोरीचा माल विकणे अवघड करण्यासाठी होतो. प्रत्येक वाहनाला १७ अक्षरांकांचा ओळखक्रमांक असतो; शून्य आणि एक यांच्याशी गोंधळ होऊ नये म्हणून त्यात आय, ओ आणि क्यू ही रोमन अक्षरे वापरत नाहीत. हाच क्रमांक काचांवर कोरून घेता येतो. मायक्रोडॉट म्हणजे क्रमांक छापलेले, वाळूच्या कणाएवढे ठिपके. ते गाडीच्या अनेक भागांवर फवारले जातात. दक्षिण आफ्रिकेत सप्टेंबर २०१२ पासून नव्या वाहनांना ते बंधनकारक आहेत. भाग सुटे करून विकले जाणाऱ्या डिफेंडरसारख्या गाडीला, दरवाजा-बोनेटपासून गिअरबॉक्सपर्यंत स्वतंत्र खुणा करणे विशेष उपयुक्त ठरते.

व्यक्तीच्या सुरक्षिततेचा प्रश्न

गाडी किल्लीशिवाय सुरू होईनाशी झाली, तेव्हा किल्ली मिळवण्यासाठी घरफोडी किंवा चालकावर थेट हल्ला करण्याकडे काही टोळ्या वळल्या. दक्षिण आफ्रिकेत शस्त्राच्या धाकाने वाहन हिसकावणे ही मोठी सामाजिक समस्या आहे. अशा वेळी प्रतिकार न करता वाहन सोडून द्यावे, असा सल्ला पोलीस आणि मदतसंस्था सातत्याने देतात. किल्ल्या दारालगत टांगू नयेत, पण मध्यरात्री चोर शयनगृहापर्यंत यावा अशाही ठेवू नयेत, हा त्यातला मधला मार्ग. चालत्या गाडीचे इंजिन दूरवरून एकदम बंद करणारी साधने टाळावीत. वेगात असताना पॉवर स्टिअरिंग आणि ब्रेकचे साहाय्य गेल्यास चोराबरोबर रस्त्यावरचे इतर लोकही संकटात सापडतात.

भारतातील स्थिती

जग्वार लँड रोव्हर ही कंपनी २००८ पासून टाटा मोटर्सच्या मालकीची आहे. असे असले तरी भारतीय रस्त्यांवर जुनी डिफेंडर विरळाच. येथे हा प्रश्न महिंद्राच्या थार, स्कॉर्पिओ आणि बोलेरो तसेच टोयोटा फॉर्च्युनर यांच्या संदर्भात येतो. यांपैकी काही मॉडेले दोनचाकी चालनातही मिळतात, पण चोरांची आवड त्यावर ठरत नाही.

१ एप्रिल २०१९ पासून नव्या वाहनांना उच्च सुरक्षा नोंदणी पाटी अनिवार्य आहे. तिच्यावर होलोग्राम आणि लेझरने कोरलेला क्रमांक असतो, ती एकदाच बसणाऱ्या कुलपाने जोडलेली असते आणि समोरच्या काचेवर वेगळे स्टिकर लावले जाते. चोरीच्या गाडीला दुसरी पाटी लावणे त्यामुळे कठीण होते. पूर्वीच्या मोटार विमा दरपत्रकानुसार पुण्यातील ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया, म्हणजे एआरएआय, या संस्थेने मान्य केलेले चोरीविरोधी साधन बसवल्यास स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यात २.५ टक्के, कमाल ५०० रुपये, सूट मिळते. ही रक्कम इतकी अल्प आहे की केवळ तिच्यासाठी कोणी साधन बसवील असे वाटत नाही.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत साध्या चोरीची शिक्षा कलम ३०३ मध्ये, तर माल किंवा प्रवासी वाहतुकीच्या साधनाच्या चोरीची शिक्षा कलम ३०५ मध्ये असून ती सात वर्षांपर्यंत आहे. टोळीने सातत्याने केलेली वाहनचोरी कलम १११ मधील संघटित गुन्हेगारीच्या व्याख्येत येते. फिर्याद कोणत्याही पोलीस ठाण्यात किंवा इलेक्ट्रॉनिक मार्गानेही देता येते. इलेक्ट्रॉनिक फिर्यादीवर तीन दिवसांत सही करावी लागते.

विम्याची भरपाई सर्वसमावेशक विम्यात मिळते. तृतीय पक्ष विम्यात चोरीचा समावेश नसतो. दाव्याच्या वेळी विमा कंपनी वाहनाच्या दोन्ही किल्ल्या मागते. त्यामुळे हरवलेल्या किल्लीची नोंद वेळीच करून ठेवलेली बरी. गाडीत किल्ली सोडून जाणे हा निष्काळजीपणा मानून दावा नाकारला किंवा कमी केला जाऊ शकतो. पोलिसांकडे तत्काळ फिर्याद दिलेली असेल, तर विमा कंपनीला कळवण्यास झालेला विलंब एवढ्याच कारणावरून दावा फेटाळता येत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२० मध्ये गुरशिंदर सिंग विरुद्ध श्रीराम जनरल इन्शुरन्स या प्रकरणात दिला. तपास करूनही वाहन न सापडल्यास महाराष्ट्रात पोलीस ‘अ समरी’ अहवाल न्यायालयात सादर करतात. गुन्हा खरा असून त्याचा छडा लागला नाही, असा त्याचा अर्थ होतो. भरपाईसाठी हा अहवाल सामान्यतः लागतो. ती दिल्यानंतर वाहन सापडले, तर त्यावरील हक्क विमा कंपनीकडे जातो.